पावसाळ्याची बेगमी आणि मोटारींचे कारखाने

मृग लागण्यापूर्वीं कोंकणांतल्या घरांत जी धांदल चाले ती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस 'बेगमी' या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. आमच्या लहानपणीं वैशाख सरतां सरतां अंगणांत पापड, सांडगे, कुरडया वाळत पडत, कणगींत भात भरला जाई, चिंच मीठ लावून बरणींत दडपली जाई, आणि पडवींत सरपण रचून झालें म्हणजे आजी पदराला हात पुशीत म्हणे, "आतां चार महिने नदीला पूर येवो, घरची चूल अडायची नाहीं."

आज आम्ही पुण्यांत राहतों. घरांत कणगी नाहीं आणि ती ठेवण्यास जागाहि नाहीं. सूनबाई फोनवर बोट ठेवतात आणि घटकाभरांत कोथिंबीर दाराशीं येते. ही सोय आम्हीहि भोगतों, तेव्हां तिला नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु मार्च २०२० मध्यें टाळेबंदी सुरू झाली, त्या पहिल्या आठवड्यांत डबे उघडून पाहिले तों कणीक तीन दिवसांची, डाळ चार दिवसांची, आणि घरांत माणसें नऊ! त्या रात्रीं आम्हांस आजीची फार आठवण झाली.

जी गत आमच्या स्वयंपाकघराची, तीच पुढें जगांतील बड्या बड्या मोटार-कारखान्यांची झाली. शाळामास्तरानें या विषयांत कां पडावें, असें कोणी विचारील. त्याचें कारण आमचा एक जुना विद्यार्थी. भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत त्याचा लेथ यंत्रांचा लहानसा कारखाना आहे. मोटारीच्या सांध्यांत बसणारे पोलादी बुश तो करतो. २०२१ सालच्या दसऱ्याला तो सोनें देण्यास आला. नेहमीं हंसतमुख असणारा हा मनुष्य त्या दिवशीं खिन्न दिसला. चौकशी केली तेव्हां म्हणाला, "गुरुजी, अकरा यंत्रांपैकीं सहा बंद आहेत. माझ्या बुशांत कांहीं खोट नाहीं. पण कंपनीला नखाएवढी चिप परदेशांतून मिळत नाहीं, म्हणून गाडी उभी. गाडी उभी, म्हणून माझे बुश नकोत. तीन माणसांना घरीं पाठवावें लागलें. यांत माझी चूक कोणती?"

त्याच्या प्रश्नास त्या दिवशीं आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तें शोधण्यासाठीं आम्हीं पुढें जें वाचलें व विचारलें, त्याचें सार आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

एका मोटारगाडींत लहानमोठे मिळून सुमारें तीस हजार सुटे भाग असतात. यांतील फार थोडे खुद्द मोटार-कंपनी तयार करते. बाकीचे ती दुसऱ्यांकडून घेते. ते दुसरे आपले जिन्नस तिसऱ्यांकडून घेतात, तिसरे चौथ्यांकडून. हिलाच पुरवठ्याची सांखळी म्हणतात. ही सांखळी पुष्कळदां चार-पांच देश ओलांडून जाते, आणि तिची एक कडी तुटली तर बाकीच्या कड्या कितीहि बळकट असल्या तरी त्यांचा उपयोग नसतो. ब्रेकवांचून गाडी तीन-चतुर्थांश किमतीलाहि विकतां येत नाहीं.

मग सर्वच जिन्नस आपल्या घरीं कां करूं नयेत? हा विचार अमेरिकेंतील हेन्री फोर्ड यांनीं करून पाहिला होता. डिअरबॉर्न येथील त्यांच्या रूज कारखान्यांत एका बाजूनें लोखंडाची माती व कोळसा आंत जाई आणि दुसऱ्या बाजूनें तयार गाडी बाहेर पडे. खाणी त्यांच्या, बोटी त्यांच्या, कांचेची भट्टीहि त्यांचीच. टायरांचें रबर तेवढें परक्याचें होतें. म्हणून १९२८ सालीं ब्राझीलच्या अरण्यांत तापाझोस नदीच्या कांठीं त्यांनीं 'फोर्डलांडिया' नांवाचें गांव वसवून रबराची लागवड आरंभिली. परंतु रबराचीं झाडें दाटीनें लावल्यामुळें पानांवर रोग पडला, मजुरांशीं खटके उडाले, आणि अखेर १९४५ सालीं ती सर्व मालमत्ता मोठा तोटा सोसून ब्राझील सरकारला परत विकावी लागली. सर्व कांहीं एकाच घरांत पिकवावें हा हट्ट कुबेरालाहि झेपत नाहीं, एवढा बोध त्यांतून जगानें घेतला.

दुसरा मार्ग जपानांतील टोयोटा कंपनीनें काढला. महायुद्धानंतर त्या देशांत भांडवलाचा दुष्काळ होता. न खपलेल्या गाड्या पडून राहिल्या, कर्ज वाढलें, संप झाला, आणि १९५० सालीं कंपनीचे संस्थापक कीइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावें लागलें. सांठा म्हणजे गोठलेला पैसा, हा धडा त्या कंपनीनें असा दारिद्र्याच्या शाळेंत गिरविला. पुढें ताइइचि ओहनो या कल्पक अधिकाऱ्यानें कीइचिरो यांचीच जुनी कल्पना पद्धतशीर अमलांत आणिली. जो भाग ज्या घटकेस हवा, त्याच घटकेस व तेवढाच कारखान्यांत यावा. वखारींत ढीग लावूं नयेत. अमेरिकन किराणा दुकानांत गिऱ्हाईक फळीवरचा जिन्नस उचलतें आणि दुकानदार तेवढीच जागा पुन्हां भरतो, या रीतीवरून त्यांना ही पद्धत बसवितांना सुचलें असें ते सांगत. या पद्धतीनें व्याज वांचलें, जागा वांचली, आणि एक तिसराच लाभ झाला. सांठा थोडा असल्यामुळें एखादा भाग सदोष निघाला तर तो तत्काळ उघडकीस येई. ढिगाऱ्याखालीं चूक लपत नसे. पुढें जगांतील बहुतेक कारखान्यांनीं तिचा कित्ता गिरविला.

परंतु कित्ता गिरवितांना अक्षराबरोबर शाईचा डागहि उतरतो. १ फेब्रुवारी १९९७ रोजीं पहांटे कारिया येथील आयसिन नांवाच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधील दाब वांटून देणारी एक लहानशी झडप जवळजवळ सर्वस्वीं तेथेंच होत असे. झडप सिगारेटच्या पाकिटाहून मोठी नाहीं. पण ती नसल्यामुळें दोन-तीन दिवसांत टोयोटाचे जपानांतील बहुतेक कारखाने बंद पडले.

पुढें जें घडलें तें मात्र मनांत ठेवण्यासारखें आहे. आयसिननें झडपेचे नकाशे सर्वांपुढें मोकळे केले, आणि दोनशेंहून अधिक कारखाने मदतीस धांवले. त्यांत शिवणयंत्रें करणारा ब्रदर कारखानाहि होता. त्यानें मोटारीचा भाग जन्मांत केला नव्हता. पैसे किती व केव्हां मिळणार याची घासाघीस कोणीं आधीं केली नाहीं. चार दिवसांच्या आंत पहिल्या झडपा हातीं आल्या आणि आठवडाभरांत गाड्या पुन्हां निघूं लागल्या. वर्षानुवर्षें सलोख्यानें केलेला व्यवहार हीहि एक प्रकारची बेगमीच आहे. ती वखारींत दिसत नाहीं, पण अडल्या वेळीं उपयोगी पडते.

चौदा वर्षांनंतर मोठा प्रसंग आला. ११ मार्च २०११ रोजीं जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप व त्सुनामी यांनीं हाहाकार उडविला. त्या वेळीं रेनेसास कंपनीचा नाका येथील चिपांचा कारखाना बंद पडला, आणि त्याबरोबर देशोदेशींचीं मोटारींचीं यंत्रें थंडावलीं. तो पुन्हां उभा करण्यासाठीं गिऱ्हाइक कंपन्यांनीं आपलीं माणसें पाठविलीं. एके वेळीं त्यांची संख्या दिवसाला अडीच हजारांपर्यंत गेली होती, आणि १ जूनला तेथें काम पुन्हां सुरू झालें. त्याच प्रांतभागांत ओनाहामा येथें जर्मनीच्या मर्क कंपनीचा रंगद्रव्याचा कारखाना होता. गाडीच्या रंगाला जी विशिष्ट चकाकी येते, तिचें द्रव्य साऱ्या जगांत तेथेंच होत असे. परिणामीं अमेरिकेंतील फोर्ड कंपनीला कांहीं काळ्या व तांबड्या छटांच्या गाड्यांच्या मागण्या थांबवाव्या लागल्या.

यांतून एक विलक्षण गोष्ट उघड झाली. कंपन्या समजत होत्या कीं आपण एकच जिन्नस तीन ठिकाणांहून घेतों, म्हणजे आपण सुरक्षित आहों. पण ते तिघेहि आपला कच्चा माल त्याच एका चौथ्याकडून घेत होते. गृहिणीनें तीन गवळी लावावे आणि मागाहून कळावें कीं तिघांचें दूध एकाच गोठ्यांतलें, तसा हा प्रकार झाला. समोरचा गवळी ओळखीचा असतो. त्याच्या मागचा गोठा कोणीं पाहिलेला नसतो.

टोयोटानें या अनुभवावरून गोठे पाहण्यास आरंभ केला. कोणता भाग कोणत्या गांवीं, कोणाच्या हातून होतो याची पार तळापर्यंतची नोंदवही संगणकावर तयार केली. अडल्यास फार नडतील अशा सुमारें पांचशें वस्तूंची यादी काढली. आणि ज्या चिपा तयार होण्यास महिने लागतात, त्यांचा दोन ते सहा महिने पुरेल एवढा सांठा ठेवण्यास माल पुरविणाऱ्यांस सांगितलें. ज्या कंपनीनें सांठा म्हणजे दोष असें जगाला शिकविलें, तिनेंच निवडक जिनसांपुरती कणगी पुन्हां घरांत आणिली. ओहनो यांचा सिद्धांत तिनें टाकला नाहीं. त्याला अपवाद कोठें करावा एवढें ती शिकली.

२०२० सालीं कोरोनाची साथ आली आणि या सर्वांची परीक्षा झाली. गाड्यांचा खप एकाएकीं बसला, तेव्हां बहुतेक कंपन्यांनीं चिपांच्या मागण्या रद्द केल्या. इकडे घरोघर मुलें संगणकावर शिकूं लागलीं, मोठीं माणसें घरून काम करूं लागलीं. चिपवाल्यांनीं आपलीं यंत्रें त्या मालाकडे वळविलीं. वर्षअखेर गाड्यांची मागणी परत आली तेव्हां रांगेंतली जागा गेलेली होती. चिप तयार होण्यास तीन-चार महिने लागतात. ती कांहीं भजीं नव्हेत कीं गिऱ्हाईक पाहून घाणा टाकावा! त्यांत फेब्रुवारी २०२१ मध्यें अमेरिकेच्या टेक्सास प्रांतांत हिमवादळानें चिपांचे कारखाने बंद पाडले, आणि १९ मार्चला त्याच नाका कारखान्याला आग लागली. अॅलिक्सपार्टनर्स या सल्लागार संस्थेनें त्या वर्षीं सप्टेंबरांत अंदाज केला कीं चिपांच्या टंचाईमुळें २०२१ या एका वर्षांत जगांत ७७ लक्ष गाड्या कमी होतील व कंपन्यांचें २१० अब्ज डॉलरांचें उत्पन्न बुडेल. आपल्याकडे त्याच सप्टेंबर महिन्यांत मारुतीचें उत्पादन नेहमींच्या सुमारें चाळीस टक्क्यांवर येईल असें कंपनीनें जाहीर केलें, आणि महिंद्र कंपनीनें सात दिवस काम बंद ठेवण्याचें ठरविलें. आमच्या विद्यार्थ्याचीं सहा यंत्रें कां थांबलीं, तें येथें वाचकांच्या ध्यानीं येईल.

टोयोटाचें काय झालें? इतरांचे कारखाने अडखळत असतां कांहीं महिने तिचें काम बव्हंशीं चालू राहिलें, आणि त्या वर्षीं अमेरिकेंतील विक्रींत तिनें जनरल मोटर्सला मागें टाकलें. १९३१ पासून तेथें तो मान जनरल मोटर्सचा होता. परंतु सांठा म्हणजे अक्षय्य पात्र नव्हे. आग्नेय आशियांत साथ भडकल्यावर सप्टेंबर २०२१ मध्यें टोयोटालाहि उत्पादन चाळीस टक्क्यांनीं घटवावें लागलें, आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें तर जपानांतील कांहीं गाड्यांबरोबर दोन इलेक्ट्रॉनिक किल्ल्यांऐवजीं एक तशी व एक साधी किल्ली देण्याची पाळी आली.

पंचतंत्रांतील तीन मत्स्यांची कथा आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविली. अनागतविधाता संकटापूर्वीं तजवीज करतो. प्रत्युत्पन्नमतीला संकट येतांच युक्ति सुचते. यद्भविष्य मात्र होईल तें होईल म्हणून स्वस्थ बसतो आणि जाळ्यांत सांपडतो. आम्ही मुलांना पहिल्या दोहोंपैकीं कोणता श्रेष्ठ असें विचारीत असूं. आतां वाटतें कीं प्रश्नच चुकीचा होता. २०२१ सालीं सांठा उपयोगी पडला, १९९७ सालीं प्रसंगावधान. कारखान्याला दोन्ही मासे पाळावे लागतात.

शिवाय प्रत्येक रोगावर सांठा हें औषध नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली, तेव्हां जर्मनीच्या फोक्सवागन, पोर्शे, बीएमडब्ल्यू या कंपन्यांचे कांहीं कारखाने अडले, कारण त्यांच्या गाड्यांचें वायरिंग युक्रेनच्या पश्चिम भागांत हातांनीं गुंफलें जात असे. तें गाडीगणिक निराळें असतें. तेव्हां करून ठेवणार तरी काय? तेथें उपाय एकच: तेंच काम दुसऱ्या देशांत दुसऱ्या हातांना शिकवून ठेवणें. पुढें एप्रिल २०२५ मध्यें चीननें दुर्मिळ मृदा धातूंपैकीं सात धातूंच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचा निर्बंध घातला. विजेच्या बहुतेक मोटारींत हीं चुंबकें लागतात, आणि जगांतील अशा चुंबकांपैकीं सुमारें नऊ-दशांश चीन करतो. मे महिन्याच्या अखेरीस जपानांत सुझुकीला स्विफ्ट गाडीचें काम थांबवावें लागलें, आणि त्याच पावसाळ्यांत आपल्या पुण्याच्या बजाज कंपनीला विजेच्या स्कूटरी कमी काढाव्या लागल्या. भारत सरकारनें नोव्हेंबर २०२५ मध्यें अशीं चुंबकें देशांत करण्यासाठीं ७,२८० कोटि रुपयांची योजना मंजूर केली. योजना स्तुत्य आहे; परंतु विहीर खणण्यास वेळ लागतो, हें तहानलेल्यानें विसरूं नये.

या सर्वांतून जे उपाय निघतात ते घरच्या मोठ्या बाईला नवे नाहींत. आपल्या गवळ्याचा गोठा पाहून ठेवावा. जो जिन्नस एकाच ठिकाणीं मिळतो, त्यासाठीं दुसरें ठिकाण निर्वेध दिवसांतच जोडावें. मर्क कंपनीनें त्या रंगद्रव्याची दुसरी सोय पुढें जर्मनींत केली. एकाच तऱ्हेचा भाग अनेक गाड्यांस चालेल असें करावें, म्हणजे एकीचें उणें दुसरीनें भरतां येतें. आणि जें नाशवंत नाहीं, किमतीनें थोडें, पण अडल्यास सर्वस्व अडवितें, तें हाताशीं ठेवावें. कौटिल्यानें कोष्ठागाराच्या प्रकरणांत सांगितलें आहे कीं धान्यादिकांचा अर्धा भाग प्रजेच्या आपत्काळासाठीं राखावा, अर्धा वापरावा, आणि जुन्याच्या जागीं नवें भरीत जावें. चिपांचा सांठा करणारे आज हेंच करतात. जुनी चिप आधीं वापरतात व नवी मागें ठेवतात.

आतां राहिला एक प्रश्न, आणि आमच्या मतें तोच मुख्य. या बेगमीचा खर्च सोसावा कोणीं?

गेल्या दिवाळींत आमचा विद्यार्थी पुन्हां आला. यंत्रें आतां अकराहि चालूं होतीं, पण त्याच्या खिशांत एक पत्र होतें. तो ज्या मोठ्या कारखान्याला माल देतो, त्यानें कळविलें होतें कीं यापुढें एक महिन्याचा सांठा तयार ठेवावा. दर तोच. "गुरुजी," तो म्हणाला, "पोलाद मी रोखीनें घ्यायचें, बुश करून माझ्या शेडमध्यें ठेवायचे, व्याज मी भरायचें, आणि माल उचलल्यावर पैसे नव्वद दिवसांनीं. गाडी अडूं नये म्हणून कणगी भरायची ती माझ्या घरांत!" लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आंत द्यावे असा आपल्याकडे २००६ चा कायदा आहे, हें आम्हीं त्याला सांगितलें. तो हंसून म्हणाला, "कायदा मला पाठ आहे. पण तो दाखविला तर पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाईल."

टोयोटाचें येथें पुन्हां उदाहरण द्यावेंसें वाटतें. ती कंपनी माल पुरविणाऱ्यांकडून दर वर्षीं किंमत उतरवून घेते. त्या बाबतींत ती कांहीं धर्मशाळा नव्हे. तथापि चिपांचा सांठा ठेवण्याबद्दल त्या उतरविलेल्या रकमेचा कांहीं अंश ती त्यांना परत देते, असें प्रसिद्ध झालेलें आहे. अर्थात् सांठ्याचा भार उभयतांनीं वांटून घेतला, तरच तो सांठा खरा राहतो. नाहींपेक्षां लहान मनुष्य कागदावर महिन्याचा माल दाखवील, शेडमध्यें आठवड्याचाच ठेवील, आणि पुढच्या संकटांत सांखळी नेमकी तेथेंच तुटेल. अन्याय झाला म्हणजे हिशेबहि खोटा होतो.

आमची आजी बेगमी करी ती आपल्या घरच्या कणगींत. आमचा भात तुमच्या झोंपडींत सांभाळून ठेवा आणि उंदीर लागले तर तुम्हीच भरून द्या, असें ती शेजारच्या गरीब कुळाला कधीं म्हणाली नाहीं. विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एवढेंच सांपडलें कीं चूक त्याची नव्हती. एकाच्या निष्काळजीपणाचें बिल दुसऱ्याच्या नांवें फाटलें होतें. त्यानें स्वतः मात्र अनागतविधात्याचा मार्ग धरिला आहे. शेतीच्या पंपांना लागणारे बुशहि तो आतां करूं लागला आहे. म्हणजे मोटारी थांबल्या तरी सर्व यंत्रें एकदम थांबणार नाहींत. त्या तीन कामगारांपैकीं दोघे परत आले आहेत.

आमच्याहि घरीं आम्हीं महिन्याचे गहूं व डाळ आगाऊ भरून ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. सूनबाईंनीं तो नाकारला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "किडे पडले तर निवडणार कोण?" प्रश्न रास्त होता. तें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें आहे.